गवंड्यांचा पुरा

मुंबई महापालिकेच्या मुख्य इमारतीची पायाभरणी लॉर्ड रिपनच्या हस्ते ९ डिसेंबर १८८४ रोजी झाली आणि ३१ जुलै १८९३ रोजी काम पुरं झालं. मंजूर रक्कम होती ११,८८,०८२ रुपये. खर्च झाला ११,१९,९६९. सरकारी काम, तेही मुंबईतलं, आणि वर ६८,११३ रुपये शिल्लक! आजच्या कोणत्याही नगरसेवकाला हा हिशेब वाचून ठसका लागावा. नकाशा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. समोरचं व्हिक्टोरिया टर्मिनसही त्याचंच, त्यामुळे त्याचं नाव मार्गदर्शक पुस्तिकांतून आणि पर्यटकांच्या तोंडी कायम असतं. दगडावर दगड चढवून २५५ फुटांचा मनोरा ज्याने उभा केला, त्या कंत्राटदाराचं नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. ते होतं व्यंकू बाळोजी काळेवार.

हे आडनाव नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीच्या बाजारात कुणालाही परकं वाटणार नाही. बिलोली, देगलूर, कुंडलवाडी, धर्माबाद या पट्ट्यात दुकानांच्या पाट्या वाचत निघालं, तर दर चार-सहा पाट्यांमागे एखादा ‘वार’ भेटतोच. हा ‘वार’ तेलुगूतल्या आदरार्थी ‘वारु’चा मराठी मुलुखात रुळलेला अवतार. घरात तेलुगू, शाळेत मराठी, जुन्या दस्तात उर्दू आणि देगलूरकडे सरकावं तशी थोडी कानडी, असा हा सीमेवरचा तालुका. पूर्वेला मांजरा नदी आणि नदीपलीकडे तेलंगण. आडनावावरून कुणाचं गाव ठरत नाही, पण मुलूख कळतो. काळेवारांसारखी माणसं ज्या तेलुगू दख्खनेतून मुंबईला गेली, तिची मराठी कड म्हणजे हा बिलोलीचा पट्टा. त्यांना मुंबईने एकच सरसकट नाव दिलं: कामाठी. आणि ती जिथे राहिली, तो कामाठीपुरा.

या नावाचा आज देहविक्रयाची वस्ती असा जो अर्थ लावला जातो तो इथे क्षणभर बाजूला ठेवायला हवा. कारण कामाठीपुऱ्याचं कूळ शोधायला निघालं की पहिली गाठ पडते ती समुद्राशी.

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम या सात बेटांचा हा पुंजका १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, १६६१ च्या लग्नकरारात इंग्लंडच्या राजाला मिळाला आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला. कंपनीने घेतली ती जमीन कमी आणि चिखल जास्त. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या मोठ्या खिंडीतून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि भायखळ्यापर्यंतचा सगळा सखल भाग खारवट दलदल होऊन जायचा. ओहोटीला चालत जावं, भरतीला होडी काढावी, असा कारभार. पाय धुवून पुढे जायची ती पायधुनी आणि खाडीकाठची ती उमरखाडी. आज या दोन्ही ठिकाणी पाण्याचा मागमूस नाही, पण नावांनी जुना नकाशा जपून ठेवला आहे.

ही खिंड बुजवण्याचं काम विल्यम हॉर्नबीच्या गव्हर्नरकीच्या अखेरीस, साधारण १७८२ ते १७८४ या काळात झालं असं मानलं जातं. लंडनच्या संचालकांनी खर्चाला नकार दिला, हॉर्नबीने तो कागद दाबून ठेवला आणि बांध पुरा करूनच घरी गेला, ही गोष्ट मुंबईकर आवडीने सांगतात. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. दुसरी आख्यायिका रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू कारागिराची. बांध सारखा ढासळायचा, मग देवी स्वप्नात आली, समुद्रातून मूर्ती काढायला सांगितल्या, त्या काढल्या आणि बांध टिकला. महालक्ष्मीचं देऊळ त्यातूनच उभं राहिलं म्हणतात. दोन्ही कथा मिळून एक साहेब आहे, एक कारागीर आहे आणि एक देवी आहे. दगड टाकणारी माणसं दोन्हींत नाहीत. आख्यायिकांना मजुरांचा हजेरीपट ठेवायची सवय नसते.

बांध झाला म्हणून लगेच जमीन मिळाली असं नाही. समुद्र थांबला, पण पावसाचं पाणी आतल्या आत साचू लागलं. ही सखल मैदानं पुढची कित्येक वर्षं माती, मुरूम, दगडांची खर आणि शहराचा कचरा टाकून भरली गेली. खाजणाच्या या भरणीच्या जमिनी ज्या नाममात्र भाड्याने दिल्या जात, त्याला पोर्तुगीज काळापासून ‘फोरास’ म्हणत. ‘फोरास रोड’ हे नाव तिथलं. म्हणजे पुढे ज्या रस्त्याचं नाव घ्यायला माणसं लाजली, ते नाव निव्वळ महसूल खात्याचं आहे.

भरणीवर रस्ते आले. बेलासिस रोड १७९३ चा. त्यावरच्या शिलालेखात नोंदलं होतं, की त्या वर्षीच्या दुष्काळाने सुरतेहून मुंबईत येऊन पडलेल्या गोरगरिबांना काम मिळावं म्हणून लोकवर्गणीतून हा रस्ता केला आणि ज्याच्या हुकमाने तो झाला त्या मेजर जनरल बेलासिसचं नाव त्याला दिलं. रोजगार हमीची योजना महाराष्ट्राने कायद्यात आणली ती १९७० च्या दशकात, पण दुष्काळ पडला की माणसांच्या हाती पाटी-फावडं देऊन रस्ते काढायचे ही पद्धत किती जुनी आहे, ते या एका दगडावर दिसत होतं. त्याच सुमाराला, १७९१-९२ मध्ये, निजामाच्या मुलुखातही भीषण दुष्काळ होता. १७९५ च्या आसपास बेलासिस रोडच्या दक्षिणेला, नुकत्याच सुकलेल्या सखल जमिनीवर तेलुगू बोलणाऱ्या मजुरांची वस्ती दिसू लागते. १९०९-१० मध्ये निघालेल्या मुंबई शहराच्या गॅझेटिअरने त्यांचा मुलूख निजामाचा म्हणूनच नोंदवला आहे.

कामाठी ही एक जात नव्हे. मुंबईत आल्यावर चिकटलेली ती ओळख होती. मुन्नूरवार, तेलंग, इतर अनेक तेलुगू समाज, सगळे त्या एका शब्दात बसवले गेले. कुणी गवंडी, कुणी बिगारी, कुणी पालखीचा भोई, कुणी लष्कराबरोबर तंबू ठोकत फिरणारा, तर कुणी साहेबाच्या बंगल्यावरचा नोकर. मातीकाम आणि दगडकाम हे मात्र सगळ्यांत ठळक. तेलुगू दख्खनेत तलाव बांधण्याची परंपरा काकतीयांच्या काळापासूनची. बांध कसा घालायचा, माती कशी धुम्मस करून बसवायची, सांडवा कुठे ठेवायचा हे ज्ञान तिथे घराघरांत होतं. शिवाय मराठवाड्याच्या वाटावाटांनी फिरणारे वडार, माती वडार काय आणि गाडी वडार काय, तेही घरी तेलुगूचीच एक बोली बोलतात. समुद्र हटवून जमीन करायची, तर मुंबईला असलीच माणसं हवी होती.

त्यांच्या कामातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. सिमेंट यायच्या आधी इमारतीचा सगळा जीव चुन्यात असे. चुना मळायला घाणी लागायची. जमिनीत दगडी पाट्यांचा गोल चर, मध्ये खुंटा, खुंट्याला आडवी तुळई आणि तुळईत अडकवलेलं जड दगडी चाक. बैल किंवा रेडा गोल फिरे आणि त्याच्यामागून ते चाक चरातला चुना, वाळू, विटांची सुरखी रगडत जाई. एक बाई पाणी शिंपडत राही, दुसरी फावड्याने कडेचं आत लोटी. कुठे गुळाचं पाणी, कुठे हिरड्याचा काढा घालत. मळणी नीट झाली की चुना लोण्यासारखा थापीवर बसे. मग तो पाट्यांतून डोक्यावर, बांबूच्या पहाडांवरून वर जाई. वर ओळंबा सोडून बसलेला गवंडी पुरुष, खाली घाणीपासून परातीपर्यंत सगळी ने-आण बायकांची. इमारतीच्या श्रेयनामावलीत गवंडी क्वचित येतो, पाटीवाली कधीच नाही.

१७ फेब्रुवारी १८०३ ला कोटातल्या घरांना आग लागली आणि जवळपास तिसरा हिस्सा खाक झाला. मग कोटाबाहेर, भुलेश्वर, काळबादेवीच्या पलीकडे वस्ती सरकू लागली. पुन्हा कामच काम. १८०३ मध्येच शीव आणि साष्टी जोडणारा गव्हर्नर डंकनचा बांध पुरा झाला, १८३८ मध्ये कुलाब्याचा रस्ता आणि १८४५ मध्ये माहीमचा. बेटं एकमेकांना शिवली जात होती आणि शिवणाऱ्यांची वस्ती मधोमध वाढत होती. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांना नावंसुद्धा कुणी दिली नाहीत, पहिली गल्ली, दुसरी गल्ली असे आकडेच दिले. राजे, देव, शेठ यांची नावं वाटून संपली असावीत. किंवा मजुरांच्या वस्तीला आकडा पुरेसा आहे असं साहेबाला वाटलं असावं.

खरा बहर आला तो १८६० नंतर. अमेरिकेतल्या यादवीने मँचेस्टरचा कापूस अडला, मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरी पैसा वाहू लागला आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअरने कोटाचे तट पाडून टाकले. पाठोपाठ सचिवालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, व्हिक्टोरिया टर्मिनस अशी दगडी इमारतींची रांगच लागली. कुर्ल्याचा निळसर दगड, मालाडचा पिवळा दगड, पोरबंदरचा मऊ दगड बोटींनी आणि गाड्यांनी आणायचा, घडवायचा, चढवायचा. या धामधुमीत काही तेलुगू मुकादम कंत्राटदार झाले आणि काही कंत्राटदार शेठ. नागू सयाजी हे त्यातलं एक नाव. प्रभादेवीत नागू सयाजी वाडी अजून आहे, बेस्टच्या बसवाल्याला सांगितली की तो उतरवून देतो. व्यंकू बाळोजी काळेवार आणि जाया कराडी लिंगू ही त्याच पिढीची माणसं.

या मंडळींनी फक्त इमारती बांधल्या असत्या, तर ही कथा बांधकाम खात्याची झाली असती. पण २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि मुंबईत त्याला जे पहिले भक्कम हात मिळाले, त्यांत हे तेलुगू कंत्राटदार होते. काळेवार, कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू ही नावं सत्यशोधकांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतात. याचं नवल वाटायला नको. फुले स्वतः कंत्राटदार होते. पूना कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनीतले ते भागीदार, कात्रजच्या बोगद्याचं काम त्यांच्या खात्यावर जमा आहे. बिल पास करणारा कारकून किती टक्के मागतो, हे त्यांना आणि कामाठीपुऱ्यातल्या मुकादमाला सारखंच ठाऊक होतं. शिकलेला वरचा वर्ग आणि राबणारा खालचा वर्ग यांच्यातला व्यवहार दोघांनीही मोजमाप-पुस्तकाच्या पानावर पाहिला होता. ११ मे १८८८ ला मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभागृहात मुंबईच्या लोकांनी फुल्यांना ‘महात्मा’ म्हटलं. मुंबईची सत्यशोधक चळवळ ही गिरणगाव आणि गवंडी या दोन पायांवर उभी होती. पहिल्या पायाची, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या कामाची, आठवण राहिली. दुसऱ्याची पुसट झाली. मराठीत सत्यशोधकांवर एवढं लिहिलं गेलं, पण त्यांच्या तेलुगू पाठीराख्यांचा सलग विचार फारसा कुणी केला नाही. भाषावार प्रांतांनी इतिहासाचेही भाषावार तुकडे केले, हे त्याचं एक कारण.

मग कामाठीपुरा या नावाला आजचा तो अर्थ कसा चिकटला?

बंदर वाढलं, गोदी वाढली, लष्कर आणि खलाशी वाढले. घर मागे ठेवून आलेल्या पुरुषांचं शहर झालं. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची करायची वाट मोकळी झाली आणि पुढे पोलिसांना त्यांना ठरावीक भागात ढकलणं सोयीचं वाटू लागलं. कोट आणि गोऱ्यांच्या वस्तीपासून दूर, भाडं कमी, रहिवासी तक्रार करायला दुबळे, अशी जागा म्हणजे भरणीवरची ही मजूरवस्ती. कर्सेटजी सुखलाजी स्ट्रीटवर युरोपातून आणलेल्या बायका ठेवल्या जात, म्हणून तिला सफेद गल्ली नाव पडलं. गॅझेटिअरचं काम करणारा एस. एम. एडवर्ड्‌स हाच १९०९ मध्ये मुंबईचा पोलीस आयुक्त झाला. एका हाताने त्याने कामाठ्यांचं मूळ लिहिलं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या वस्तीतले कुंटणखाने सांभाळले, असं म्हटलं तर थोडं तिखट होईल, पण खोटं होणार नाही.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि दोन वर्षांत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शेजारच्या नागपाड्याची आणि आग्रीपाड्याची पाडापाडी होऊन तिथे सरळ रस्ते आले. कामाठीपुऱ्याच्या आतल्या गल्ल्या तशाच राहिल्या. दाट, ओल्या, तीन-चार मजली. उत्तरेकडच्या गल्ल्यांत तेलुगू कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, बायका घरी विड्या वळत, मुलं पालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत जात. दक्षिणेकडच्या गल्ल्यांत धंदा. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सगळा कामाठीपुरा एकच. मंटोने या परिसरावर लिहिलं, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला, सिनेमे तर मोजता येणार नाहीत. मोठ्या लेखकांनी इथलं दुःख खरंच पाहिलं. पण पत्ता सांगताना ‘नागपाड्याजवळ’ म्हणायची वेळ ज्या गवंड्याच्या नातवावर आली, त्याचं काय, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. २०२२ मध्ये ‘गंगूबाई काठियावाडी’ प्रदर्शित होताना इथल्या रहिवाशांनी नावाच्या बदनामीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की तिथे ‘रहिवासी’ही असतात.

इकडे मुलुखात काय झालं? आगगाडी १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि तेलुगू दख्खनेतून मुंबईची वाट निम्मी झाली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाईन धर्माबाद, नांदेडवरून मनमाडला भिडली. त्यानंतर मुंबईला गेले ते मुख्यतः विणकर. पद्मशाली कुटुंबं वरळी-प्रभादेवीच्या चाळींत, पुढे भिवंडीच्या पद्मानगरात यंत्रमागांवर स्थिरावली. नवरात्रात तरवड आणि झेंडूच्या फुलांची उतरंड रचून बायका बतुकम्माभोवती फेर धरतात, ते दृश्य वरळीत दिसतं तसंच कुंडलवाडीतही. कुंडलवाडीत ते ‘बाहेरचं’ वाटत नाही, वरळीत मात्र त्यावर वर्तमानपत्रात बातमी येते.

निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे राज्यं आखली गेली तेव्हा नांदेड जिल्ह्यातला बिचकुंदा आणि जुक्कलचा भाग निजामाबादकडे गेला, मुधोळ आणि भैंसा आदिलाबादकडे. बिलोली इकडे राहिली. एकाच सोयऱ्या-धायऱ्यांत एक भाऊ मराठी राज्याचा, दुसरा आंध्राचा, आणि २०१४ नंतर तेलंगणाचा. मुंबईतल्या कामाठ्यांची गोष्टही या रेघेवर अडकली. मराठी अभ्यासकांना ती तेलुगू लोकांची वाटते, तेलुगू अभ्यासकांना मुंबईची. मराठवाड्याच्या इतिहासात तिला जागाच नाही, कारण आपला मराठवाडा मुंबईला गेला तो एसटीने, असा आपला समज.

बांधकामाशी असलेलं या मातीचं नातं मात्र तुटलेलं नाही. बिलोलीत सतराव्या शतकातली सर्फराज खानाची दगडी मशीद आहे. तिची घडाई पाहिली की इथे पाथरवट कोणत्या दर्जाचे होते ते समजतं. मांजरेची वाळू तर या तालुक्याचं बरंवाईट सगळंच आहे. येसगीच्या पुलाच्या अंगाने ट्रक रात्रभर चालतात, लिलाव, दंड, पंचनामे, तहसीलच्या आवारात उभी जप्त वाहनं हे इथलं रोजचं. यातली बरीच वाळू हैदराबादच्या इमारतींत जाते. हाताला काम हवं असलेली माणसंही आता मुंबईपेक्षा तिकडेच वळतात. अंतर पुष्कळ कमी, भाषा ओळखीची, जाताना बोधनच्या बाजूला नातेवाईक. सीमेवरच्या काही गावांनी तर आम्हाला तेलंगणातच घ्या, तिकडे शेतकऱ्याला जास्त मिळतं, अशी मागणीही करून पाहिली.

कामाठीपुऱ्याचा आता पुनर्विकास होऊ घातला आहे. म्हाडाच्या देखरेखीखाली जुन्या उपकरप्राप्त इमारती पाडून उंच मनोरे उभे राहायचे आहेत. भाडेकरूंच्या याद्या, पात्र-अपात्र, ट्रान्झिट कॅम्प यांवर वाद चालू आहेत. देहविक्रय करणाऱ्या बहुतेक स्त्रिया वाढत्या भाड्यापुढे आधीच पांगल्या आहेत. उत्तरेकडच्या गल्ल्यांतली तेलुगू घरं आपल्या खोलीच्या बदल्यात किती चौरस फूट मिळणार याची चौकशी करताहेत. नव्या संकुलाला विकासक काय नाव देईल ते विक्रीच्या सोयीवर ठरेल, आणि त्यात ‘कामाठी’ हा शब्द राहावा की जावा, यावर खुद्द रहिवाशांतही दोन तट आहेत. म्हाताऱ्यांना तो हवा आहे. लग्नाच्या मुली असलेल्या घरांना नको.